डावीकडून उजवीकडे

पश्चिम वेल्समधल्या केरेडिगियन जिल्ह्यात फोटोग्राफर म्हणून टिकायचं असेल तर पुठ्ठ्याचा चेक नीट टिपता यायला हवा. टेबलाएवढा चेक, त्यावर जाड स्केचपेनने लिहिलेली रक्कम, एका टोकाला पैसे जमवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षबाई, दुसऱ्या टोकाला ते स्वीकारायला आलेला संस्थेचा माणूस आणि मागे मावेल तेवढं गाव. चेकवर गुळगुळीत प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे फ्लॅश पडला की रकमेच्या जागी पांढरा डाग उमटतो. वरची कड जरा जमिनीकडे कलवा म्हणून सांगायचं. मग एका टोकाची बाई पुढे कलवते आणि दुसऱ्या टोकाचा माणूस मागे, आणि चेकला पीळ बसतो. तो सरळ होईपर्यंत मागच्या रांगेतली मुलं कंटाळून पांगलेली असतात.

बहुतेक वेळा हा चेक वेल्स एअर ॲम्ब्युलन्ससाठी असतो. २००१ साली १ मार्चला, म्हणजे सेंट डेव्हिडच्या दिवशी, ही हेलिकॉप्टर सेवा सुरू झाली आणि ती लोकांच्या देणग्यांवर चालते. इकडचे रस्ते एका गाडीपुरते, दोन्ही बाजूंना झुडपांचे उंच बांध, आणि मोठं रुग्णालय डोंगरापलीकडे. उतारावर क्वाड बाइक उलटली तर काय होतं हे प्रत्येक शेतकरी घराला ठाऊक आहे. म्हणून ट्रॅक्टरफेरी असो, प्रायोजित चालणं असो की कॉफीची सकाळ, जमलेल्या पैशातला वाटा तिकडे जातोच. आणि पैसे दिल्याचा फोटो काढला नाही तर ते दिल्यासारखे वाटत नाहीत.

मी मूळची सांगली जिल्ह्यातली. नवऱ्याला अ‍ॅबरिस्टविथच्या रुग्णालयात नोकरी लागली, आणि आम्ही समुद्रकाठ सोडून आत ट्रेगॅरनच्या बाजूला घर घेतलं, कारण तिथलं भाडं झेपत होतं. पुण्यात असताना मी लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं करायचे, त्यामुळे कॅमेरा, दोन लेन्स, फ्लॅश सगळं बरोबर होतं. पहिला हिवाळा ढग आणि मेंढ्या टिपण्यात गेला. धुक्यातली मेंढी फार सुंदर दिसते. इथल्या माणसांना त्यात काडीचाही रस नसतो, कारण ती मेंढी कोणाची आहे हे धुक्यामुळे कळत नाही.

पहिलं काम आलं ते पोस्टाच्या रांगेत. मागे उभ्या असलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई म्हणाल्या, "कॅमेरा घेऊन फिरता त्या तुम्हीच ना? शुक्रवारी हॉलमध्ये या." त्या आमच्या भागातल्या पापिर ब्रोच्या संपादक निघाल्या.

पापिर ब्रो म्हणजे एका खोऱ्याचं, चारदोन गावांचं वेल्श भाषेतलं मासिक वर्तमानपत्र. यातलं पहिलं, 'अ दिनेसिद', १९७३ साली राजधानी कार्डिफमध्ये निघालं. मग ही लाट खेड्यापाड्यांत पसरली आणि अजून ओसरलेली नाही. लिहिणारे, जुळवणारे, वाटणारे सगळे बिनपगारी. अंक छापून आला की काही गावांत अजूनही संध्याकाळी हॉलमध्ये टेबलं मांडून पानं क्रमाने लावली जातात, घड्या घातल्या जातात आणि चहाबरोबर महिन्याभराच्या न छापलेल्या बातम्याही सांगितल्या जातात. छापलेल्या बातम्या म्हणजे कोणाला नात झाली, कोण ड्रायव्हिंगची परीक्षा पास झालं, कोणाचा गुडघा बदलला, कोण गेलं. २०२१च्या जनगणनेत साऱ्या वेल्समध्ये वेल्श बोलणारे १८ टक्क्यांच्याही आत भरले, केरेडिगियनमध्ये मात्र ४५ टक्के. हे आकडे कायद्यांनी आणि शाळांनी टिकवले असं म्हणतात, ते खरंच आहे. माझ्या मते गुडघ्याच्या बातम्यांचाही त्यात वाटा आहे.

संपादकबाईंनी माझे पुण्यातल्या लग्नांचे फोटो पाहिले, "रंग छान आहेत" म्हणाल्या, आणि मग कामाचं बोलल्या. "फोटो जरा हलला तरी चालेल. नावं चुकता कामा नयेत. डावीकडून उजवीकडे, मागची रांग आधी."

हे सोपं वाटतं. पण एका रांगेत सात माणसं असतील तर तीन जोन्स, दोन डेव्हिस, एक इव्हान्स आणि उरलेला विल्यम्स. जुन्या काळी इथं आडनाव नव्हतंच, मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लावत. पुढे कागदोपत्री आडनाव लागायला लागलं तेव्हा त्या पिढीच्या बापाचं नाव तिथंच गोठलं. बापांची नावं मुळात मोजकीच होती, म्हणून आडनावंही मोजकीच राहिली. मग माणूस ओळखायचा कसा? शेताच्या नावावरून. जोन्स पेन-इ-बॉन्टचा, जोन्स टी-कॉखचा. शेत विकून गावात राहायला आलेला म्हाताराही मरेपर्यंत त्या शेताचाच राहतो. तरुण पोरं लग्न करून दुसऱ्या शेतावर गेली की नाव कधी बदलायचं, याचा नियम मला अजून कोणी सांगितलेला नाही. विचारलं तर सगळे हसतात.

माझी पद्धत हळूहळू बसली. फोटो काढून झाला की कोणालाही हलू द्यायचं नाही. फोन रेकॉर्डिंगवर ठेवून रांगेसमोरून चालत जायचं, प्रत्येकाने नाव आणि शेत सांगायचं. मग चहाच्या वेळी तीच यादी एखाद्या जाणत्या बाईला वाचून दाखवायची. इथल्या कुठल्याही कार्यक्रमानंतर चहा असतोच, मोठ्या बंबातला, सोबत हॅम सँडविच आणि लोणी लावलेला बारा ब्रिथ, म्हणजे मनुका घातलेला पाव. फोटोग्राफरचं निम्मं काम त्या टेबलापाशी होतं. शाळेच्या फोटोंना वेगळी तऱ्हा. आईवडिलांच्या परवानगीचे कागद आधी लागतात, आणि कुठल्या मुलाचं नाव छापायचं, कुठल्याचं नाही, ती यादी शिक्षिकेच्या हातात असते. तिला शेजारी उभं करूनच मी फोटो काढते. मोजते मात्र वेल्शमध्ये: ईन, दाय, त्री. संध्याकाळच्या वर्गात मी जे शिकले त्यातलं सगळ्यात उपयोगी हेच ठरलं. माझे उच्चार ऐकून मुलं मनापासून हसतात, आणि 'हसा' असं वेगळं सांगावं लागत नाही.

ऑगस्ट म्हणजे गावोगावच्या शोचे, म्हणजे शेती आणि जनावरांच्या प्रदर्शनांचे, शनिवार. देशाचा मोठा शो, रॉयल वेल्श, जुलैमध्ये बिल्थ वेल्स गावाजवळ चार दिवस भरतो. तो पहिल्यांदा भरला १९०४ साली आमच्या अ‍ॅबरिस्टविथमध्ये. मग तो गावोगाव फिरत राहिला, आणि १९६३ पासून एका जागी स्थिरावला. तिथं पास गळ्यात अडकवलेले, लांबलचक लेन्सवाले फोटोग्राफर असतात. आमचा शो एका उताराच्या शेतात, मेंढ्यांच्या लोखंडी जाळ्या जोडून केलेल्या रिंगणांत. लाउडस्पीकरवरून एक गृहस्थ दिवसभर बोलत असतात आणि वाऱ्यावर त्यातलं प्रत्येक तिसरं वाक्य आपल्यापर्यंत पोचतं.

खरसुंडीच्या यात्रेतले खिल्लार बैल ज्यांनी पाहिले आहेत, शिंगं साळलेले, अंगावरून हात फिरवत मालक शेजारी उभा, त्यांना हे दृश्य परकं वाटणार नाही. इथं गुलालाऐवजी शाम्पू असतो. वेल्श ब्लॅक जातीच्या गायी आदल्या दिवशी धुतात, यंत्राने वारा देऊन वाळवतात, शेपटीचा गोंडा विंचरून फुलवतात. मेंढ्यांची तोंडं पुसायला ओलं फडकं मालकाच्या पांढऱ्या डगल्याच्या खिशात तयार असतं.

मेंढीचा फोटो काढणं हे मी पुण्यात ज्याची कल्पनाही केली नव्हती असं शास्त्र आहे. गुडघे चिखलात टेकून मेंढीच्या पाठीच्या उंचीवर यायचं, उभं राहून काढलं तर मेंढी बुटकी दिसते आणि मालक दुखावतो. बाजूने, चारही पाय दिसतील असं. मालकाने हनुवटीखाली हात धरून मान वर ठेवायची. कान पुढे यावेत म्हणून कोणीतरी माझ्या मागे खुराकाची बादली वाजवायची. शिवाय जातीजातींचं वेगळं. लानवेनॉग ही आमच्याच टेइवी खोऱ्यातली जात, काळं तोंड आणि कपाळावर लोकरीचा झुपका, तो झुपका सावलीत जाता कामा नये. बॅल्वेन अंगाने काळी, पण कपाळावर पांढरा पट्टा, पाय पांढरे, शेपटीचं टोक पांढरं. परीक्षक नेमकं हेच पाहून निकाल देतात, म्हणून फोटोतही हेच दिसायला हवं, आणि गवत वाढलेलं असेल तर पाय दिसतच नाहीत. त्यामुळे शोच्या सकाळी मैदानावर पोचले की मी आधी कापलेल्या गवताचा तुकडा शोधून ठेवते. चांगल्या फोटोपायी मेंढा सप्टेंबरच्या विक्रीत जास्त भावाने जातो की नाही मला माहीत नाही, मालकांना मात्र तसं वाटतं, आणि माझ्या मिळकतीचा बराच भाग त्यांच्या या समजुतीवर उभा आहे. पापिर ब्रो एक पैसाही देत नाही. लग्नं, पासपोर्टचे फोटो आणि मेंढ्या, यावर घरखर्चातला माझा वाटा निघतो.

दुपारी वेल्श कॉब घोडे येतात. या फेरीत घोड्यांवर कोणी बसत नाही. लगाम धरून माणूस शेजारून पळतो आणि घोडा दुडक्या चालीत असा काही सुटतो की टाय लावलेल्या त्या तरुणाचे पाय जेमतेम जमिनीला लागतात. पुढचा पाय पूर्ण ताणलेला, खूर अजून हवेत, तो क्षण हवा. पाय पोटाखाली गोळा झालेला फोटो कितीही स्वच्छ असला तरी विकला जात नाही. कडेला उभे असलेले म्हातारे घोड्याचं अंग बघत नाहीत, गुडघा किती उचलला तेवढंच बघतात. त्यांच्याजवळ उभं राहून मी शटर कधी दाबायचं ते शिकले: त्यांच्या तोंडून "हा" निघायच्या किंचित आधी.

तंबूत वेगळी दुनिया. भाज्या, फुलं, जॅम, केक सकाळीच मांडून होतात, मग तंबू बंद, आत फक्त परीक्षक. दुपारी पडदा उघडला की लोक आधी कार्डं बघतात आणि मग भाज्या. लाल कार्ड पहिलं, निळं दुसरं, पिवळं तिसरं. व्हिक्टोरिया स्पंज केकच्या मध्ये फक्त रासबेरी जॅम, क्रीम नाही, हे नियमातच लिहिलेलं. परीक्षकाने चव घ्यायला फोड कापलेली असते, म्हणून जिंकलेल्या बाई फोटोसाठी ताटली अलगद फिरवून अखंड बाजू कॅमेऱ्याकडे करतात. कोणी सांगावं लागत नाही.

पाऊस येतोच. तो आला म्हणून कोणी घरी जात नाही. पाऊस मोडत नाही, रोगराई मोडते: २००१ साली लाळ्या-खुरकुताच्या साथीत शो बंद राहिले आणि कोविडमध्ये पुन्हा. ती वर्षं अजून बोलण्यात येतात, महाराष्ट्रात आपण दुष्काळाची वर्षं मोजतो त्याच सुरात.

मेंढपाळ कुत्र्यांच्या चाचण्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण फोटोग्राफरच्या हाताला तिथं थोडकंच लागतं. ब्रिटनमधली पहिली नोंदलेली चाचणी १८७३ साली बाला गावाजवळ झाली. आजही प्रकार तोच आहे. कुत्रा दूर डोंगरउतारावर, माणूस इकडे खुंटापाशी शिट्टी वाजवतो, आणि भोवती गाड्यांत बसून लोक थर्मासमधला चहा पितात. माझ्या कॅमेऱ्यात कुत्रा म्हणजे एक ठिपका. शेवटी मेंढ्या वाड्यात घालताना, दाराची दोरी एका हातात न सोडता धरलेला माणूस, दबून बसलेला कुत्रा आणि आत जावं की नको अशा विचारात पडलेल्या मेंढ्या, तेवढा एक फोटो. तोही हालचाल न करता. माझ्या लाल रेनकोटाकडे बघून एका आजोबांनी स्वतःचा मळकट हिरवा कोट काढून दिला होता, न बोलता.

खरी कसोटी आयस्टेथवॉडची, म्हणजे गाण्याच्या आणि कवितेच्या स्पर्धांच्या वेल्श मेळाव्याची. राष्ट्रीय आयस्टेथवॉड ऑगस्टमध्ये दरवर्षी वेगळ्या गावात होतं, २०२२ साली ते आमच्या ट्रेगॅरनमध्येच झालं, कोविडने दोन वर्षं लांबल्यानंतर. पण गावोगावची छोटी आयस्टेथवॉडं वेगळीच. दुपारी चिमुरड्यांच्या गाण्याने सुरू होतात आणि मोठ्यांचं गाणं, कवितापठण संपेपर्यंत मध्यरात्र होते. जिंकलेल्या मुलांच्या गळ्यात रिबिनीला लावलेली छोटी कापडी पिशवी घालतात, तिच्यात बक्षिसाची नाणी. गाणं किंवा पठण चालू असताना फ्लॅश नाही, शटरचा आवाज नाही. आवाजासाठी कॅमेरा मूक ठेवला की हॉलच्या जुन्या ट्यूबलाइटी सूड घेतात, फोटोवर आडवे काळपट पट्टे येतात. इथली वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची. शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठेवलं की पट्टे बरेचसे जातात, मग नाचरी मुलं हलतात, पण पठण करणारं मूल सहसा जागचं हलत नाही. हलतात त्याच्या आईचे ओठ, तिसऱ्या रांगेत, प्रत्येक शब्दाला. तो फोटो मी नेहमी काढते. छापायला मात्र देत नाही, आयांना आवडत नाही.

संध्याकाळी खुर्चीचा सोहळा. उत्तम कवितेला बक्षीस म्हणून लाकडी खुर्ची, गावातल्याच सुताराने केलेली. कवींनी टोपणनावाने कविता पाठवलेल्या असतात. परीक्षक मंचावर येऊन सविस्तर बोलतात, कोणाची यमकं लंगडी, कोणाची प्रतिमा उसनी, सगळं चारचौघांत. मग जिंकलेलं टोपणनाव सांगतात आणि त्या माणसाने, फक्त त्यानेच, उभं राहावं असं पुकारतात. हॉलमधली सगळी डोकी वळतात. मला त्या एका क्षणाचा फोटो हवा असतो, आणि कोण उठणार ते मला कोणी सांगत नाही. तो हजर असावा म्हणून जिंकणाऱ्याला बहुधा आधी कळवलेलं असतं, त्यामुळे मी चहाच्या वेळी शोध लावते. रांगेच्या कडेला कोण बसलंय? दरवर्षी न येणारी बहीण कोणाबरोबर आलीय? सँडविच कोण खात नाही? बरेचदा अंदाज बरोबर येतो. मग दोघं जण कवीला मंचावर नेतात, तलवार असेल तर ती म्यानातून अर्धवट ओढून तीनदा विचारतात, शांतता आहे का? आणि तिन्ही वेळा सगळा हॉल गरजतो, शांतता! इतक्या मोठ्याने शांतता पुकारणारे लोक मी दुसरीकडे पाहिले नाहीत. कधी परीक्षक जाहीर करतात की एकही कविता खुर्चीच्या योग्यतेची नाही. मग खुर्ची मंचावर रिकामी राहते. एका वर्षी मी तशा रिकाम्या खुर्चीचा फोटो दिला होता, संपादकबाईंनी तो परत केला. "यात नाव कोणाचं घालू?"

मागच्या काही वर्षांत एक वेगळंच काम वाढलंय. चॅपेलं, म्हणजे गावोगावची छोटी प्रार्थनाघरं, बंद होताहेत. शेवटच्या प्रार्थनेला मला बोलावतात, आणि प्रार्थनेनंतर सगळ्यांना बाहेर दारासमोर उभं करतात. व्हेस्ट्रीच्या, म्हणजे चॅपेलाला जोडलेल्या खोलीच्या, भिंतीवर शंभर वर्षांपूर्वीचा तसाच फोटो लावलेला असतो, तेवढ्याच रुंदीच्या दारासमोर चौपट माणसं. एका चॅपेलात सगळे तो फोटो खाली उतरवून बाहेर घेऊन आले, आणि आपापले आजोबा जिथं उभे होते तिथं उभे राहायला लागले. काही जागा मोकळ्या राहिल्या. त्या तशाच ठेवायच्या की माणसं सरकवायची यावर पावसात दहा मिनिटं चर्चा झाली, शेवटी सरकवली.

अशा जुन्या फोटोंपायी मी अ‍ॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊ लागले. टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून ती इमारत आहे. तिथं जॉन थॉमस याच्या तीन हजारांवर काचेच्या निगेटिव्ह आहेत. हा १८३८ साली लॅम्पीटरजवळच्या केलानमध्ये जन्मलेला, लिव्हरपूलला कापडाच्या दुकानात नोकरीला लागलेला गडी. तेव्हा नामांकित माणसांचे छोटे फोटो विकत घेऊन जमवायची टूम होती, आणि त्यांत वेल्श चेहरे जवळजवळ नाहीतच हे त्याला खुपलं. १८६७ साली त्याने स्वतःचा धंदा काढला आणि पुढे आयुष्यभर सगळा वेल्स पालथा घातला: उपदेशक, टपालवाले, म्हाताऱ्या, दुकानांचे दरवाजे. तिथंच जेफ चार्ल्सच्या लाखाहून जास्त निगेटिव्ह आहेत. तो वर्तमानपत्राचा माणूस, शो, आयस्टेथवॉडं, कुत्र्यांच्या चाचण्या, म्हणजे माझीच कामं त्याने दशकानुदशकं केली. लिव्हरपूलला पाणी हवं म्हणून १९६५ साली ट्रिवेरिन खोऱ्यातलं कापेल केलिन गाव बुडालं, त्याआधीच्या तिथल्या शाळेचे, माणसांचे फोटो त्याने काढून ठेवले. त्यातल्या चेहऱ्यांना नावं आहेत की नाहीत, हे मी आता आधी बघते.

संपादकबाईंच्या माळ्यावर बिस्किटांच्या डब्यांत पापिर ब्रोचे जुने फोटो निघाले, मागे काहीही न लिहिलेले. ते मी स्कॅन करते आणि हिवाळ्यात महिन्यातून एका दुपारी व्हेस्ट्रीत पडद्यावर दाखवते. ऐंशीच्या पुढच्या मंडळींना पुढच्या खुर्च्या, गुडघ्यावर शाली, हातात चहा. "मागे घ्या. तो ट्रॅक्टर टी-कॉखचा. म्हणजे चालवणारा धाकटा असणार, थोरल्याला ते क्लच दाबणं कधी जमलं नाही." अशी नावं सुटत जातात. बक्षिसाचा कप, कुत्रा, कोटाची बटणं, कशावरूनही.

गेल्या खेपेला १९७०च्या दशकातला एक रस्सीखेचेचा संघ निघाला. आठांपैकी सात लगेच सापडले. डावीकडून तिसऱ्यावर दोन आजीबाईंचं जमेना. एक म्हणाल्या, हा माझा भाऊ. दुसऱ्या म्हणाल्या, तुझा भाऊ त्या वर्षी हात मोडून घरी होता, हा माझा नवरा. पहिल्या म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याला एवढे केस कधी होते? मी मोठं करून दाखवलं, कान दाखवले, बूट दाखवले. दोघींनी चष्मे पुसले आणि दोघींचं मत आणखी पक्कं झालं. शेवटी संपादकबाईंनी मला खूण केली. मी तिसऱ्या जागी दोन्ही नावं लिहिली, मध्ये 'किंवा' घातलं, आणि दोघींनाही एकेक प्रत दिली. आता दोघींच्याही घरी तो फोटो लावलेला आहे, आणि दोघींनीही 'किंवा'च्या पुढचं किंवा मागचं, जे नको ते, पेनाने खोडलेलं आहे.